१४ फेब्रुवारी, अंदाजे

माझ्या वडिलांचा वाढदिवस १ जूनला असतो. म्हणजे शाळेच्या दाखल्यावर, पॅन कार्डावर, आधारवर. खरा केव्हा, ते कुणालाच माहीत नाही. आजी सांगायची, "गांधी गेले ना, त्यानंतरच्या ज्वारीच्या काढणीत झाला." म्हणजे १९४८ सालचा माघ-फाल्गुन धरा. पण शाळेत नाव घालायला चुलत आजोबा घेऊन गेले. त्यांना काही आठवेना. मग त्या काळी गावोगावचे गुरुजी जे करत तेच आमच्या गुरुजींनी केलं आणि १ जून १९४७ लिहून टाकलं. जून उजाडताना पोर सहा वर्षांचं भरलं पाहिजे, एवढाच हिशेब. त्यामुळे वडील ३१ मे २००५ ला निवृत्त झाले. त्याच दिवशी त्यांच्या खात्यातले आणखी कितीतरी 'एक जूनवाले' हार घालून घरी गेले. "गुरुजींनी माझा नऊ महिन्यांचा पगार खाल्ला" हे वाक्य आमच्या घरात अजूनही चहाबरोबर निघतं.

त्यात दुःख असं काही नव्हतं, आणि नाही. आजीला तारीख माहीत नव्हती, पण ज्वारी माहीत होती. दिवस कुठे होता, बाळंतपणाला कोण आलं होतं, पाऊस त्या साली कसा झाला होता, हे सगळं तिला पाठ होतं.

त्यामुळे अमेरिकेत गुलामीत जन्मलेल्या आणि पुढे गुलामीविरोधी वक्ता-लेखक झालेल्या फ्रेडरिक डग्लसचं आत्मचरित्र पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा पहिल्या पानावर मी जरा हसलोच. जन्म कुठे झाला ते तो अगदी पोस्टाच्या पत्त्यासारखं सांगतो: मेरीलँड राज्य, टॅलबट काउंटी, टकाहो, ईस्टनपासून १२ मैल. आणि लगेच म्हणतो की मला माझं वय ठाऊक नाही. मला वाटलं, हा तर आपला एक जूनवाला! मग पुढची ओळ आली. घोड्यांना आपलं वय जेवढं माहीत असतं तेवढंच गुलामांना, आणि बहुतेक मालकांची इच्छाच तशी असते, असं तो लिहितो. वाढदिवस सांगता येईल असा एकही गुलाम मला भेटल्याचं आठवत नाही, पेरणीच्या वेळी, चेरी पिकतात तेव्हा, असंच सांगतात. मालकाला विचारायची सोय नव्हती. विचारणं म्हणजे उर्मटपणा.

इथे माझं हसू थांबलं. आमच्या गुरुजींचा आळस होता. तिथे तो व्यवस्थेचा भाग होता. ज्वारीची काढणी आणि चेरीचा हंगाम दिसायला एकसारखे, पण आजीला कुणी विचारायची बंदी केली नव्हती.

त्याचं मूळ नाव फ्रेडरिक ऑगस्टस वॉशिंग्टन बेली. आई हॅरिएट बेली दुसऱ्या शेतावर भाड्याने दिलेली होती, तिथून १२ मैलांवर. दिवसभर शेतात राबून ती रात्री चालत मुलाला भेटायला यायची, त्याला कुशीत घेऊन झोपवायची आणि उजाडायच्या आत परत निघायची, कारण सूर्योदयाला शेतावर हजर नसलं तर चाबूक. अशा भेटी त्याच्या आठवणीत चार-पाचच. एकदा मुदपाकखान्यातल्या बाईने त्याला दिवसभर उपाशी ठेवलं होतं. नेमकी त्या रात्री आई आली. तिने त्या बाईला झापलं आणि पोराला मांडीवर घेऊन आल्याचा गोड केक खायला दिला. केक बदामाच्या आकाराचा होता. तो सात वर्षांचा असताना ती गेली. तिच्या आजारपणात, मरताना, मातीला, कशालाच त्याला जाऊ दिलं नाही.

त्याला वाढवलं आजीने, बेट्सीने. नंतर सहा वर्षांचा झाला तेव्हा मालकाच्या हुकमावरून हीच आजी त्याला हाताला धरून, मध्येच खांद्यावर घेऊन, १२ मैल चालत मोठ्या वाड्यावर घेऊन गेली. जा, त्या पोरांबरोबर खेळ, म्हणाली. तो खेळायला गेला आणि वळून पाहतो तर आजी नाही. त्याच्या तिन्ही आत्मचरित्रांमधला मला न वाचवणारा भाग कुठला, तर चाबकाचा नाही, हा. तिला काय वाटलं असेल ते त्याने फारसं लिहिलेलं नाही. लिहिणार तरी काय?

त्या वाड्यावर पोरांना पँट नसे, बूट नसत, अंथरूण नसे. वर्षाला दोन जाडेभरडे सदरे मिळत. जेवण म्हणजे मक्याची घाटी, लाकडी कुंडात ओतलेली, डुकरांना ओततात तशी. पोरं शिंपल्यांनी, हातांनी ओरपायची. थंडीत तो मक्याच्या पोत्यात डोकं आत घालून झोपे, पाय बाहेर. पायांना भेगा पडल्या त्या इतक्या खोल, की आत्ता ज्या लेखणीने लिहितोय ती त्या भेगेत मावेल, असं तो सांगतो. लेखणी आणि भेग एका वाक्यात ठेवणारा हा माणूस. पुढचं सगळं आयुष्य या दोन गोष्टींमध्येच आहे, असं मला कधी कधी वाटतं.

१८२६ मध्ये त्याला बाल्टिमोरला पाठवलं, मालकाच्या नात्यातल्या ह्यू ऑल्डच्या घरी, त्याचं लहान पोर सांभाळायला. ह्यूची बायको सोफिया. तिच्या घरी आजवर कधी गुलाम नव्हता, त्यामुळे गुलामाशी कसं वागायचं हे बिचारीला ठाऊक नव्हतं. तिने या पोराला मुळाक्षरं शिकवायला घेतली. तीन-चार अक्षरांचे शब्द येऊ लागले तेव्हा तिने कौतुकाने नवऱ्याला सांगितलं. नवरा भडकला. याला बोट दिलंस तर हा मनगट धरेल, अशा अर्थाचं बोलला. वाचायला शिकला तर तो गुलाम म्हणून कामातून जाईल, म्हणाला.

पोरगा तिथेच उभा होता. मालकाने बायकोला दिलेलं हे भाषण म्हणजे आपण ऐकलेलं गुलामगिरीविरोधातलं पहिलं व्याख्यान, असं त्याला पुढे वाटायचं. ज्याची मालकाला एवढी धास्ती, ती वस्तू मिळवलीच पाहिजे. शिकवायला सोफिया होती तोवर सोपं होतं. आता ती नवऱ्यापेक्षाही कडक झाली. हातात वर्तमानपत्र दिसलं की धावून येऊन हिसकावून घेई. चांगल्या बाईची गुलामगिरीने काय दशा केली, हे तो जेवढ्या तपशिलाने लिहितो तेवढं स्वतःच्या माराविषयी लिहीत नाही.

हे वाचताना मला आपल्याकडची एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. जोतीराव फुले लहान असताना कुणा कारकुनाने गोविंदरावांचे कान भरले, की मुलगा शाळेत शिकून बिघडेल, शेतीच्या कामाचा राहणार नाही. गोविंदरावांनी मुलाला शाळेतून काढलं. शेजारचे गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांनी समजावल्यावर १८४१ मध्ये जोतीराव पुन्हा शाळेत गेले, स्कॉटिश मिशनच्या. समुद्रापल्याडचा ह्यू ऑल्ड आणि पुण्यातला तो कारकून, दोघांनाही एकच गोष्ट नेमकी कळली होती. शत्रूला अक्षराची किंमत आपल्या माणसांच्या आधी कळते.

मग फ्रेडरिकने काय केलं? ऑल्डच्या घरी त्याला पोटभर पाव मिळत असे. गल्लीतल्या गरीब गोऱ्या पोरांना तेवढाही नसे. निरोप पोचवायला बाहेर पडला की हा खिशात पाव आणि स्पेलिंगचं पुस्तक घेऊन निघायचा. काम झटपट उरकायचं, उरलेल्या वेळात पाव द्यायचा, धडा घ्यायचा. त्या पोरांची नावं पुस्तकात लिहायचा त्याला मोह होतो, पण लिहीत नाही. गुलामाला शिकवणं हा तिथे जवळजवळ अक्षम्य गुन्हा. ती पोरं मोठी होऊन अजून त्याच शहरात असतील, त्यांना त्रास नको.

लिहायला शिकला त्याची कथा तर याहून भारी. जवळच्या गोदीत जहाजं बांधत. सुतार लाकूड तासून तयार झालं की ते जहाजाच्या कुठल्या बाजूचं, याची खूण त्यावर करत. डाव्या बाजूचं असेल तर एल, उजव्या बाजूचं असेल तर एस, पुढच्या भागाचं असेल तर त्याला एफ जोडायचा, मागच्या भागाचं असेल तर ए. याने ही चार अक्षरं पाठ करून टाकली. मग लिहिता येणारा मुलगा भेटला की पैज लावायची, मला तुझ्याइतकं लिहिता येतं म्हणून. तो म्हणे, दाखव बघू. हा एल, एस, एफ, ए काढून दाखवी. पोरगं जिंकायच्या ईर्ष्येने पुढची अक्षरं काढी, आणि हा हरून चार अक्षरं जास्त घेऊन घरी येई. वही म्हणजे कुंपणाच्या फळ्या, विटांची भिंत, रस्त्याची फरशी. लेखणी म्हणजे खडूचा तुकडा. घरातला छोटा मालक शाळेत जाऊ लागला तेव्हा त्याच्या जुन्या वह्यांत मधल्या कोऱ्या ओळींवर तो गिरवायचा, मालकीण घरात नसताना.

हे सगळं गमतीचं वाटतं. त्याला नंतर तसं वाटलं नाही. बूट पुसून मिळवलेल्या ५० सेंटला त्याने वक्तृत्वाचं एक पुस्तक घेतलं. त्यात मालक आणि गुलाम यांचा संवाद होता, ज्यात वाद घालून गुलाम जिंकतो. वाचत गेला तसतसं आपल्या अवस्थेचं नाव कळत गेलं, सुटायची वाट मात्र दिसेना. कधी कधी इतर गुलामांच्या अडाणीपणाचा हेवा वाटे, असं तो कबूल करतो. शिक्षणाचं गुणगान करणारे हे वाक्य सहसा सांगत नाहीत.

कव्ही नावाच्या माणसाचा भाग मी थोडक्यात सांगतो, कारण तो सगळीकडे सांगितला जातो. १८३४ मध्ये, 'बिघडलेल्या' गुलामांना वठणीवर आणणारा म्हणून प्रसिद्ध असलेल्या या शेतकऱ्याकडे फ्रेडरिकला वर्षभर ठेवलं. सहा महिने दर आठवड्याला मार. ऑगस्टमध्ये एके दिवशी या सोळा वर्षांच्या पोराने त्याचा गळा धरला आणि जवळजवळ दोन तास सोडला नाही. त्यानंतर कव्हीने त्याला बोटही लावलं नाही, पोलिसातही दिलं नाही. अब्रूचा प्रश्न होता.

१८३६ मधला पळून जायचा पहिला बेत फुटला, तुरुंगवास झाला, आणि तो पुन्हा बाल्टिमोरला आला. जहाजाच्या फळ्यांमधल्या फटी बुजवायचं काम शिकला. आठवड्याचा पगार मिळे तो सगळा ह्यू ऑल्डच्या हातावर ठेवायचा. ऑल्ड कधी खूश होऊन त्यातले सहा सेंट परत देई. या सहा सेंटांचा त्याला भयंकर राग येई. थोडे परत देणं म्हणजे सगळे माझेच होते याची कबुली, हे त्याचं तर्कशास्त्र.

याच शहरात त्याला अ‍ॅना मरे भेटली. जन्माने स्वतंत्र, कृष्णवर्णीय, एका घरी घरकामाला. तिच्याकडे पिसांच्या दोन गाद्या होत्या, त्यातली एक तिने विकली. ३ सप्टेंबर १८३८ ला फ्रेडरिक खलाशाच्या वेषात आगगाडीत चढला. खिशात एका मित्राचं खलाशाचं ओळखपत्र होतं, त्यावरचं वर्णन त्याच्याहून बऱ्याच काळ्या माणसाचं. तिकीट तपासनीस आला. मुक्त असल्याचा कागद आहे ना? नाही साहेब, समुद्रावर जाताना तो मी नेत नाही. मग दुसरं काही? आहे ना, अमेरिकेच्या गरुडाची मुद्रा असलेला कागद आहे, तो मला जगभर फिरवून आणेल. तपासनिसाने गरुड पाहिला, वर्णन वाचलंच नाही. चोवीस तासांच्या आत तो न्यूयॉर्कला होता. वाचायला शिकलेला माणूस दुसऱ्याच्या न वाचण्यामुळे सुटला, यावर मला राहूनराहून गंमत वाटते.

ही हकिगत त्याने १८४५ च्या पुस्तकात सांगितली नाही. १८५५ च्याही नाही. गुलामी संपून कितीतरी वर्षं झाल्यावर, १८८१ च्या पुस्तकात सविस्तर सांगितली. तोवर ती वाट दुसऱ्या कुणाच्या कामी येईल, म्हणून तोंड बंद. आपल्याकडे इतक्या मोठ्या पराक्रमाची कथा कुणी चाळीस वर्षं पोटात ठेवली असती का, देव जाणे.

अ‍ॅना मागोमाग आली, १५ सप्टेंबरला लग्न झालं, आणि दोघं न्यू बेडफर्डला गेली. बेली हे नाव धोक्याचं, म्हणून जॉन्सन हे नाव घेतलेलं, पण त्या नावाचे तिथे फारच झालेले. ज्याच्या घरी उतरले त्या यजमानाने नुकतंच वाचलेल्या एका स्कॉटिश काव्यातलं नाव सुचवलं: डग्लस. गोऱ्या कारागिरांनी गोदीत काम करू दिलं नाही. मग लाकडं फोडली, कोळसा ओढला. एका घरासमोर पडलेला कोळसा आत टाकून दिल्यावर बाईने हातावर अर्ध्या डॉलरची दोन चांदीची नाणी ठेवली. ती कुणालाही नेऊन द्यायची नव्हती.

१८४१ मध्ये, जोतीराव पुण्यात पुन्हा शाळेत जायला लागले त्याच वर्षी, नँटकेट बेटावरच्या गुलामीविरोधी सभेत डग्लस अडखळत बोलायला उभा राहिला आणि मग पन्नास वर्षं बोलतच राहिला. गोऱ्या सहकाऱ्यांनी त्याला व्याख्यानाला जुंपलं खरं, पण तू फक्त तुझी हकिगत सांग, तत्त्वज्ञान आम्ही बघू, असाही सल्ला दिला. बोलण्यात थोडा मळ्यावरचा गावंढळपणा ठेव, नाहीतर तू गुलाम होतास यावर लोकांचा विश्वास बसणार नाही! पीडिताने रडावं, विश्लेषण करू नये, ही अपेक्षा किती जुनी आहे पाहा. त्याने उत्तर म्हणून पुस्तकच लिहिलं, मालकांच्या नावागावासकट. त्यामुळे पकडून नेलं जायची भीती वाढली आणि त्याला आयर्लंड-ब्रिटनला जावं लागलं. तिथल्या मित्रांनी वर्गणी काढून १५० पौंडांना ह्यू ऑल्डकडून त्याचं स्वातंत्र्य विकत घेतलं. डिसेंबर १८४६. माणूस विकत घेणं म्हणजे गुलामीला मान्यता देणं, अशी टीका काही कट्टर सहकाऱ्यांनी केली. ज्यांना कुणी विकू शकत नव्हतं त्यांना ही टीका परवडत होती.

परत येऊन त्याने रॉचेस्टरला 'नॉर्थ स्टार' वर्तमानपत्र काढलं. १८४८ मध्ये सेनेका फॉल्सच्या स्त्रियांच्या परिषदेत मताधिकाराचा ठराव डळमळू लागला तेव्हा तो उठून त्याच्या बाजूने बोलला. त्याच वर्षी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. ५ जुलै १८५२ ला रॉचेस्टरच्या सभागृहात स्वातंत्र्यदिनाचं भाषण करायला बोलावलं, तर त्याने समोरच्यांना विचारलं, की तुमचा हा ४ जुलै गुलामासाठी काय आहे? उत्तरही त्यानेच दिलं, आणि ते गोड नव्हतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात त्याने काळ्या सैनिकांची भरती केली, स्वतःचे दोन मुलगे पाठवले. गोऱ्या सैनिकाला १३ डॉलर आणि काळ्याला १० आणि त्यातूनही कपड्याचे ३ वजा, हे घेऊन १८६३ मध्ये थेट लिंकनला जाऊन भेटला.

१८७३ मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केलं ते गुलामांना दास्यातून मोकळं करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. ही अर्पणपत्रिका आपण अभिमानाने सांगतो. ती वाचताना आपल्या डोळ्यांसमोर लिंकनची दाढी येते. तेव्हा वॉशिंग्टनमध्ये पंचावन्न वर्षांचा डग्लस राहत होता, ज्याला लिंकनने मोकळं केलेलं नव्हतं. तो गाडीत बसून आला होता.

आता अ‍ॅनाविषयी. तिला लिहिता-वाचता आलं नाही, शेवटपर्यंत नाही. नवरा जगातल्या मोठ्या लेखकांत गणला जाऊ लागला, घरात वर्तमानपत्राचा पसारा, मदतीला शिकलेल्या इंग्रज, जर्मन बायका येऊन महिनोन्‌महिने राहत, आणि ही स्वयंपाकघरात. तो ब्रिटनमध्ये असताना तिने लिन गावात बूट शिवून पोरं वाढवली. रॉचेस्टरच्या घरी रात्री-बेरात्री कॅनडाकडे पळणारे गुलाम येत, त्यांना जेवू घालायला, अंथरूण द्यायला तीच उठे. मुलगी रोझेटाने पुढे आईच्या आठवणी सांगितल्या. वडील व्याख्यानांच्या दौऱ्यावर असले की आई त्यांचे धुतलेले, इस्त्री केलेले कपडे वाटेतल्या स्टेशनवर पोचते करी, अशी त्यातली एक आठवण मला विसरता येत नाही.

सावित्रीबाईंना जोतीरावांनी शिकवलं, हे आपल्याला पाठ आहे. त्यामुळे मी बरेच दिवस डग्लसवर चिडून होतो. पाव देऊन अक्षर विकत घेणाऱ्या माणसाला घरात ते फुकट वाटता येऊ नये? मग माझी आजी आठवली. आजोबा गावात लोकांची पत्रं लिहून देत. आजीला शिकवायला त्यांनी एकदा पाटी आणली होती. तिने ती चुलीजवळ ठेवली आणि त्यावर पोळपाट ठेवला. "तुमचं तुम्ही वाचा," म्हणाली. शिकवायचं नव्हतं की शिकायचं नव्हतं, पाच पोरं आणि दोन म्हशी असताना हा प्रश्न कसा सोडवायचा? अ‍ॅना काय म्हणाली ते तिने लिहून ठेवलेलं नाही. १८८२ मध्ये ती गेली. दोन वर्षांनी त्याने शिकलेल्या, गोऱ्या हेलन पिट्सशी लग्न केलं, तेव्हा दोन्हीकडचे लोक रागावले. तो म्हणे, पहिली बायको माझ्या आईच्या रंगाची, दुसरी बापाच्या. विनोद चांगला आहे. रोझेटाला हसू आलं असेल असं वाटत नाही.

१८७७ मध्ये डग्लस वॉशिंग्टनचा मार्शल, म्हणजे न्यायालयाचे हुकूम बजावणारा सरकारी अधिकारी, झाला होता. त्या वर्षी तो सेंट मायकल्सला गेला, थॉमस ऑल्डला भेटायला. हा ह्यूचा भाऊ आणि त्याचा खरा मालक. याच्याच नावाने त्याने १८४८ मध्ये छापील पत्र लिहून झोडपून काढलं होतं. आजीला म्हातारपणी रानात मरायला सोडलं, असा आरोप केला होता. ऑल्डने तिला पुढे घरी आणलं होतं, हे कळल्यावर वर्षभराने ते जाहीरपणे दुरुस्तही केलं होतं. आता म्हातारा अंथरुणाला खिळलेला, हात थरथरतायत. "मार्शल डग्लस" म्हणाला. हा म्हणाला, मार्शल नको, पूर्वीसारखं फ्रेडरिकच. दोघांच्या डोळ्यांत पाणी. तू गुलाम राहणार नाहीस एवढा हुशार आहेस हे मला माहीत होतं, तुझ्या जागी मी असतो तर हेच केलं असतं, असं म्हातारा म्हणाला.

आणि मग डग्लसने त्याला विचारलं, माझा जन्म कधीचा? मला माझं वय ठाऊक नाही, ते आयुष्यभर सलतंय. साठीला आलेला माणूस आपल्या जुन्या मालकाच्या उशाशी बसून हे विचारतो. ऑल्ड म्हणाला, नक्की सांगता येत नाही, पण १८१८ चा फेब्रुवारी असावा. डग्लस तोवर स्वतःला १८१७ चा समजत होता. एका वर्षाने लहान निघाला. हे मी वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे त्याच्याही कुठल्या गुरुजींनी घोळ घातला होता."

१८९५ च्या २० फेब्रुवारीला, स्त्रियांच्या एका सभेहून घरी आल्यावर डग्लस गेला. त्याचा पहिला मालक अ‍ॅरन अँथनी नोंदी ठेवण्यात काटेकोर होता. आपल्या मालकीच्या माणसांची त्याची एक वही होती आणि ती टिकली. संशोधकांनी ती उघडली तेव्हा त्यात सापडलं: हॅरिएटचा मुलगा फ्रेडरिक ऑगस्टस, फेब्रुवारी १८१८. म्हणजे ऑल्ड बरोबर होता. डग्लसला ही वही कधी पाहायला मिळाली नाही.

तारीख त्या वहीतही नाही, फक्त महिना आणि साल. १४ हा आकडा त्याने स्वतः घेतला, आई त्याला लाडाने व्हॅलेंटाइन म्हणायची म्हणून, आणि तो केक बदामाच्या आकाराचा होता म्हणून.